मागच्या सीटवरचे उस्ताद

उस्ताद नवी गाडी कधी स्वतः चालवून पाहत नसत. पोलिसांसाठी गाडी निवडायची वेळ आली की विक्रेत्याचा माणूस धुऊनपुसून चकचकीत केलेली गाडी आमच्या आवारात आणून उभी करायचा आणि अदबीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरायचा. उस्ताद त्याला "शुक्रिया" म्हणायचे, गाडीला वळसा घालायचे, मागचं दार उघडायचे आणि सगळ्यात मागच्या अरुंद सीटवर जाऊन बसायचे. गुडघे जवळजवळ छातीला टेकलेले, डोळे मिटलेले, एक हात वरच्या कडीला. मग म्हणायचे, "हां, अब चलाव."

एकदा असाच एक तरुण विक्रेता कळवळून म्हणाला, "चाचा, आगे बैठो ना. टचस्क्रीन है, कॅमेरा है."

"बेटा, स्क्रीन साहब देखेंगे," उस्ताद म्हणाले. "मेरे सिपाही पीछे बैठते हैं."

ते आमच्या ताफ्याचे मुख्य मेकॅनिक होते. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. घराणं नंदुरबारचंच, कारागिरांचं. आजोबा बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे, वडील ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचे, उस्ताद पोलिसांच्या गाड्यांपाशी पोचले. ते म्हणत, "आम्हना घरमा काय बदलनं नही, फक्त बैल गयात." मी त्याच विभागात वरिष्ठ लिपिक. माझ्या टेबलाच्या खिडकीतून वर्कशॉपची शेड समोर दिसते. अकरा वर्षं मी त्यांना रोज पाहिलं, त्यामुळे त्यांच्याविषयी मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

उस्तादांचा एक नियम होता. गाडी रिकामी तपासायची नाही. "रिकामी गाडी म्हणजे पहिल्यांदा घर येल याहीण," ते म्हणायचे. "समदं गोड बोलस. आठ दिन ठेवा, मंग समजस." पहिल्यांदा घरी आलेल्या विहिणीची ही उपमा त्यांनी मोठ्या साहेबांसमोरही दिली होती, आणि साहेबांची विहीण त्याच आठवड्यात येऊन गेली असल्यामुळे ते बराच वेळ हसत होते.

गाडी भरायची तर माणसं हवीत. बंदोबस्त, कोर्ट, पंचनामे यांतून सकाळी मोकळी माणसं मिळत नाहीत. उस्तादांनी त्यावर उपाय शोधला होता. पोलिसांचं बँडपथक. परेड नसली की ही मंडळी सकाळी मोकळी असत आणि फुंकून फुंकून म्हणा किंवा बसून बसून म्हणा, अंगाने भरलेली असत. उस्ताद त्यातले आठ जण निवडून गाडीत कोंबायचे, ढोलवाल्याला हटकून मागे आपल्या शेजारी घ्यायचे, त्यांच्या मांडीवर ढाली आणि पाण्याचे जार ठेवायचे आणि गाडी तोरणमाळच्या घाटात न्यायला लावायचे. ऐन चढावर, वळणाच्या तोंडाशी, थांबवायचे. गाडी बंद करायला सांगायचे. पुन्हा चालू करून उचलायला सांगायचे. गाडी वीतभर जरी मागे आली तरी त्यांचे डोळे उघडत. ढोलवाला म्हणायचा, "उस्ताद, आम्हाला वाजवायला ठेवलंय की वजनाला?" उस्ताद म्हणायचे, "वाजाडनारा भलता मियतीन. तुन्हा वजनना कोठे मियी?"

आमच्या जिल्ह्यात गाडी निवडणं सोपं नाही, हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना पटायला वर्ष जातं, आणि पटेपर्यंत बदली होते. उस्ताद बोनेट उघडून सांगायचे, गाडी कोणत्या भागातली. गळीत हंगामात पुरुषोत्तमनगरकडे गस्त घालणाऱ्या गाडीची क्लच प्लेट घासलेली असायची, कारण उसाच्या ट्रॉल्यांमागे मैलोगणती पहिल्या गिअरमध्ये चालावं लागतं. तापीकाठच्या गाडीच्या ब्रेकमध्ये काळी माती. पहाडावरून आलेल्या गाडीच्या ब्रेकला जळका वास. आणि शहरातली गाडी चौकात एसी लावून उभी राहून राहून आतून काजळलेली. ड्रायव्हर तक्रार सांगू लागला की उस्ताद त्याला थांबवायचे. "काय बिघडनं ते मी दखसु. तू काय वाही लई गया व्हता ते सांग." एकदा एका ड्रायव्हरने बराच वेळ आठवून सांगितलं, "साहेबांच्या मेहुण्याचं कपाट." उस्तादांनी पाटा बदलला.

इंजिनाबद्दल त्यांची मतं ठाम होती, पण हट्टी नव्हती. जुने लोक डिझेलशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. उस्ताद तसे नव्हते. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, ती लांब पल्ल्याची धाव मिळाली तरच साफ होते, चौकात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती तुंबते, हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. "शहरले पेट्रोल, पहाडले डिझेल," ते म्हणायचे. "एकच चप्पल समदास्ना पायमा कशी बसी?" पण सरकारी खरेदीला एकच चप्पल आवडते. एक नमुना, एक प्रस्ताव, एक मंजुरी.

आता माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यात आहे.

उस्ताद सहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले. मराठी सही करता यायची, आकडे वाचता यायचे, कार्यालयीन मराठी वाचणं जमत नसे. प्रत्येक गाडीच्या चाचणीचा अहवाल मात्र त्यांच्या सहीने जायचा. त्यात शेवटी 'शेरा' असा रकाना. उस्ताद माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसायचे, हात साबणाने धुतलेले, तरी नखांत काळं राहिलेलं, आणि सांगायचे, "लिखा ताई. या गाडीनी कंबर कमजोर शे. मांगे चार जन बठनात का पोट टेकस." मी टंकलिखित करायची : 'मागील स्प्रिंगची भारवहनक्षमता अपुरी आढळून येते.' मी वाचून दाखवलं की ते हसायचे. "मन्ही गाडी तुम्ही साहेबना शाळामा टाकी दिधी."

माझं माहेर ब्राह्मणपुरीचं, त्यामुळे त्यांची अहिराणी मला समजावून घ्यावी लागत नसे, आणि माझं कार्यालयीन मराठी त्यांना तपासता येत नसे. पहिली दोन-तीन वर्षं मी प्रत्येक अहवाल वाचून दाखवला. पुढे त्यांनीच थांबवलं. म्हणाले, "राहू द्या ताई. तुम्ही लिखं म्हणजे मीच लिखं." मग मी कागद पुढे करायची, ते सही करायचे. या गोष्टीचा मला अभिमान होता. दुसरा अभिमान असा, की माझी कोणतीही फाइल कधी त्रुटी लागून परत आली नव्हती. शेजारच्या टेबलांवर वरून शेरे मारून परत आलेल्या फायलींचे गठ्ठे असायचे. माझं टेबल स्वच्छ. साहेब नवीन माणसाला सांगायचे, "मॅडमची फाइल बघा, कशी असते."

दोन वर्षांपूर्वी ताफ्यात नव्या गस्ती गाड्या घ्यायच्या ठरल्या. निवड समितीत एक मोठे साहेब, आमच्या विभागाचे फौजदार, उस्ताद, आणि कागद सांभाळायला मी. तीन गाड्या आवारात आल्या. दोन डिझेलच्या, एक लहान पेट्रोल इंजिनाची, टर्बो लावलेली. डिझेलच्या गाड्या मिळायला काही महिने लागणार होते. पेट्रोलची लगेच मिळत होती. प्रजासत्ताकदिनी परेडनंतर मंत्र्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवायचा, हे आधीच ठरलं होतं. म्हणजे निवड जवळजवळ झालेली होती. राहिली होती चाचणी.

उस्तादांनी नेहमीप्रमाणे बँडपथकाला बोलावून ठेवलं होतं. आठ जण वाद्यांशिवाय लिंबाखाली येऊन बसले होते. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, प्रदर्शनाची गाडी इतकी माणसं भरून घाटात नेता येणार नाही, विम्यात बसत नाही. मोठ्या साहेबांना अकराला बैठक होती. साहेब म्हणाले, "उस्ताद, आज सरळ रस्त्यावर बघून घेऊ." पेट्रोलची गाडी प्रकाशा गावच्या पुलापर्यंत गेली आणि परत आली. आत तिघे. साहेब पुढे, ड्रायव्हर, आणि मागे एकटे उस्ताद.

साहेब उतरून म्हणाले, "छान स्मूथ आहे." उस्तादांनी उतरून मागचं दार लावलं. बँडवाले उठून चालू लागले. ढोलवाला जाता जाता म्हणाला, "उस्ताद, आज आमचं वजन कमी पडलं का?"

"तुम्हनं नही भाऊ," उस्ताद म्हणाले. "आज मन्हं कमी पडनं."

दुपारनंतर ते स्टूल ओढून बसले. त्यांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. "लिखा ताई. इंजिन चांगलं शे. गावमा, सपाटीवर एक नंबर. पन सुरवातले जोर कमी शे. टर्बो उठस तोपर्यंत गाडी दम खास. भरेल गाडी घाटमा चढाई दखेल नही. तोपर्यंत पहाडवर देवानी नही. हाई शेवटलं ठळक लिखा."

मी ते लिहिलं. पडद्यावर आलं : 'पूर्ण भारासह घाटरस्त्यावरील चाचणी घेण्यात आलेली नाही. ती होईपर्यंत सदर वाहने डोंगराळ भागातील ठाण्यांना देण्यात येऊ नयेत.' उस्ताद तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून शेडकडे गेले. फौजदारांनी दारातून डोकावून सांगितलं, "मॅडम, फाइल उद्या पहिल्या टपालाने. त्रुटी नको." हे ते रोजच म्हणत. त्यांना शेऱ्यात काय आहे ते माहीतही नव्हतं.

मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. वरच्या कार्यालयात ती वाचणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारील, ते मला पाठ होतं. चाचणी का घेतली नाही? फाइल परत येणार. मुखपृष्ठावर लाल शाईने 'त्रुटी'. झेंड्याचा कार्यक्रम लांबणार आणि सगळे माझ्या टेबलाकडे बघणार. मी स्वतःशी म्हटलं, गाड्या कुठे द्यायच्या ते नंतर ठरेल, तेव्हा उस्ताद तोंडी सांगतीलच. मी दोन्ही वाक्यं खोडली आणि लिहिलं : 'चाचणी समाधानकारक.'

कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिली आहे. साहेबांची घाई, मंत्र्यांचा कार्यक्रम, फौजदारांचा तगादा. यातलं काहीही माझ्या बोटांवर येऊन बसलं नव्हतं.

उस्ताद परत आले. मी छापलेला कागद पुढे सरकवला. पेन उघडून ते थांबले. "शेवटलं लिखं ना ताई?"

मी म्हटलं, "हो उस्ताद. सगळं आहे."

त्यांनी सही केली.

गाड्या आल्या. झेंडा दाखवला गेला. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. चार गाड्या पहाडावरच्या ठाण्यांना गेल्या. उस्ताद काही बोलले नाहीत याचं मला तेव्हा बरं वाटलं. ते का बोलले नाहीत, ते पुढे कळलं. पहाडावरच्या ड्रायव्हरांनी कुरकुर केली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "आपन लिखी देल शे. साहेबस्नी वाचीसन ठरायं व्हई. तुम्ही पाचवर मानूस बसाडू नका." कागदावर आपलं म्हणणं गेलं की आपलं काम झालं, पुढचा निर्णय वरच्यांचा, अशी त्यांची रीत. तोंडी जाऊन सांगायला ते जाणारच नव्हते, कारण त्यांच्या मते ते सांगून झालं होतं. हे मला अकरा वर्षांत कळायला हवं होतं.

होळीला पहाडावरच्या काठी गावात मोठा बंदोबस्त लागतो. आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांची माणसं तिकडे जातात. त्या दिवशी पाच माणसांचा नियम पाळायला गाड्याच नव्हत्या. पहाडावर दिलेल्या त्या चारपैकी एका गाडीत नऊ जण बसले, वर लाठ्या, ढाली, अंथरुणं, पाणी. दुपारी चारच्या सुमारास चढावरच्या वळणावर पुढे होळीला निघालेल्या लोकांचा ट्रॅक्टर थांबला, म्हणून गाडीला थांबावं लागलं. पुन्हा निघताना ती उचललीच नाही. ड्रायव्हर जोर देत राहिला, क्लच जळाला, धूर निघाला आणि ब्रेक सोडला की गाडी मागे सरकू लागली. मागे बसलेली एक महिला शिपाई खाली उडी मारून चाकामागे दगड लावायला धावली. पहाडातलीच मुलगी, असं करताना तिने लहानपणापासून लोकांना पाहिलेलं. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला वळवून टेकवली, म्हणून बाकीचे वाचले. पण तोवर चाक तिच्या पावलावरून गेलं होतं.

ही मुलगी धावण्याच्या जोरावर भरती झाली होती. आता बिनतारी संदेशाच्या खोलीत बसून काम करते. ती खोली आमच्याच मजल्यावर आहे.

चौकशी लागली. गाडी पास कुणी केली, हा पहिला प्रश्न. अहवालाखाली तांत्रिक सही एकच होती. खुलासा मागणारी नोटीस तयार करायचं काम माझ्या टेबलावर आलं, कारण त्या विभागाचे कागद मीच करते. 'आपण सदर वाहनाची चाचणी समाधानकारक असल्याचे प्रमाणित केले असून...' मी ती टंकलिखित केली. एकही चूक झाली नाही.

मधल्या एका दिवशी मी फौजदारांच्या दारापर्यंत गेले होते. ते फोनवर बोलत होते. मी परत आले. फोन दोन मिनिटांत संपला असता.

नोटीस मिळाल्यावर उस्ताद ती घेऊन माझ्याकडेच आले. दुसरीकडे जाण्याची त्यांना सवयच नव्हती. स्टूल ओढलं, पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "ताई, हाऊ कागद वाची दखाडा."

मी वाचली. सोबत अहवालाची प्रत जोडलेली होती. तीही वाचायला लागली. गाडीचा प्रकार, इंजिन, चाचणीचं ठिकाण, अंतर. मग शेरा. मी 'चाचणी समाधानकारक' असं वाचलं आणि थांबले.

"पुढे?" ते म्हणाले.

"एवढंच आहे."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. ते कागदाकडे बघत होते. वाचता येत नव्हतं, पण दोन शब्द आहेत की दोन ओळी, हे कुणालाही दिसतं. वर्कशॉपमध्ये कुणीतरी इंजिन चालू करून बंद केलं. एरवी त्या आवाजाकडे त्यांची मान आपोआप वळायची. त्या दिवशी वळली नाही. मी मान खाली घालून टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत होते. ते विचारतील आणि मी सांगेन, असं मी ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

नोटिशीची घडी घालून म्हणाले, "लिखा ताई. खुलासा."

मी कीबोर्डवर हात ठेवले.

"सही मन्ही शे. मी वाचाशिवाय करी. चूक मन्ही शे." मग थांबून म्हणाले, "त्या पोरीले जे लागनं त्यानं मले भलतं वाईट वाटस. इतलंच."

अकरा वर्षं त्यांच्या प्रत्येक वाक्यावर मी हात फिरवला होता. त्या दिवशी एकाही शब्दाला हात लावला नाही. फक्त मराठी केलं. 'सही माझी आहे. ती मी न वाचता केली. चूक माझी आहे.' छापलं. पुढे ठेवलं. त्यांनी सही केली. उठताना स्टूल होतं त्या जागी नीट सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मन्हा आठ महिना ऱ्हायनात, ताई. तुम्हन्या पोरी अजून शिकी ऱ्हायन्यात."

माझ्या दोन मुली तेव्हा कॉलेजात होत्या. मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं आणि त्यांनी मला त्यातून मोकळं केलं होतं. मी ती मोकळीक घेतली. याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याजवळ नाही.

त्यांना सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तकात तशी नोंद झाली. तीस वर्षांच्या नोकरीत तशी दुसरी नोंद नाही. गाड्या निवडण्याच्या समितीतून त्यांचं नाव काढलं. त्या जागी डिप्लोमा झालेला एक हुशार तंत्रज्ञ आला. तो पुढे बसून गाडी चालवतो. उस्ताद शेडमध्ये गाड्यांखाली पाठ टेकून काम करत राहिले. ड्रायव्हरांनी विचारलं, "उस्ताद, तुम्ही कशी काय पास केली ती गाडी?" तर म्हणायचे, "नजर कमी व्हई गयी." बँडवाल्यांनी काही विचारलं नाही. ते लिंबाखाली बसले होते, त्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

चौकशीनंतर पुढे असं होऊ नये म्हणून अहवालाचा नमुना सुधारायचा ठरला. मी त्यात एक नवा रकाना सुचवला : 'पूर्ण भारासह चढ-चाचणी घेतली काय? होय / नाही. नसल्यास कारण.' तो मान्य झाला. महिन्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. "हे सुचायला हवं होतं आपल्याला आधी," ते म्हणाले. "मॅडमना सुचलं." सगळे माझ्याकडे वळले. उस्ताद मागच्या भिंतीशी उभे होते, मेकॅनिक लोक बैठकीत तिथेच उभे राहतात. मी उठून "थँक्यू सर" म्हटलं आणि बसले.

दर ईदला ते स्वतः स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा आणून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी झाकण उघडून वास घेईपर्यंत उभे राहायचे. त्या वर्षीही डबा आला. शिपायाच्या हातून आला. मी घरी नेला, मुलींनी आणि मी खाल्ला. चांगला होता, नेहमीसारखा. डबा धुऊन परत पाठवताना त्यात काय भरावं ते मला सुचेना. नेहमी मी मांडे करून द्यायची. शेवटी साखर घातली आणि पाठवला.

निवृत्तीचा समारंभ शेडमध्ये झाला. बँडवाल्यांनी कुणी न सांगता वाजवलं. नारळ, शाल, चार भाषणं. फौजदार म्हणाले, "शेवटी एक छोटी चूक सोडली तर उस्तादांची सेवा निष्कलंक." मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

निवृत्तिवेतनाचे कागद राहिले होते. ते पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर आले. उस्ताद आले ते एकटे नव्हते. सोबत त्यांची सून होती. अंगणवाडीत काम करते, मराठी शाळेत शिकलेली, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, पर्समध्ये स्वतःचं पेन. उस्ताद स्टुलावर बसले. तिच्यासाठी मी खुर्ची मागवली. मी पहिला कागद पुढे केला तर त्यांनी तो उचलला नाही. तिच्याकडे सरकवला.

"ताई, वाईट मानू नका," ते म्हणाले. "आते सवय लाई लिधी शे."

मी म्हटलं, "बरोबर आहे. वाचूनच करावी सही."

ती एकेक पान मोठ्याने वाचू लागली. सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक रकान्यासह. जन्मतारीख, रुजू दिनांक, बदल्या. तिचं वाचून झालं की उस्ताद मान हलवायचे आणि सही करायचे. खोलीत आणखी दोन लिपिक होते, त्यांनी काम थांबवलं होतं. चौथ्या पानावर सेवापुस्तकातला उतारा होता. तिने वाचलं, "'वाहनाची भारासह चाचणी न घेता वाहन समाधानकारक असल्याचे प्रमाणित केल्याबद्दल सक्त ताकीद.'" ती थांबली. "अब्बा, ये क्या है?"

"मेरी गलती थी, बेटी. आगे पढ."

ती पुढे वाचेना. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे सासूबाईंसाठी भाजीची पिशवी घेतानासुद्धा आधी ती भरून, उचलून बघतात. हे असं कसं झालं?"

उस्ताद माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही लिपिक बघत होते. मला उत्तर माहीत होतं आणि त्याला एक वाक्य पुरलं असतं.

मी पान उलटलं आणि पुढची सही जिथे करायची होती, त्या जागेवर बोट ठेवलं.